शुक्रवारचा प्रश्न

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वार वाटून दिलेले आहेत. सोमवारी मनोहर प्रश्न टाकतो, बुधवारी विजयाताई, रविवारी मी. शुक्रवार गौसभाईंचा. गौसभाईंना जाऊन आता वर्ष होत आलं, पण तो वार अजून कुणाला दिलेला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला ग्रुप गप्प असतो. मनोहरनं दोनदा विचारून पाहिलं, कुणीतरी घ्या की हा वार. त्यानं स्वतःही तो घेतला नाही.

ग्रुप टाळेबंदीत सुरू झाला. मनोहर माझा अहमदपूरचा शाळेतला मित्र. हिमायतनगरला बँकेत होता. घरात बसून बसून कंटाळला आणि त्यानं पंधरा-वीस ओळखीच्या माणसांना गोळा केलं. खेळ सिनेमाचा आणि गाण्यांचा. कधी गाण्याच्या सुरुवातीचं चार सेकंदांचं संगीत पाठवायचं, कधी सरळ प्रश्न विचारायचा. आठ वाजेपर्यंत उत्तर द्यायचं. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही. विजयाताई एक कमळाचं चित्र पाठवतात, तेवढंच. विजयाताई लातूरला शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही ग्रुपवरच्या आमच्या ऱ्हस्व-दीर्घावर लक्ष ठेवून असतात.

दुसऱ्याच महिन्यात मनोहरनं लिहिलं : 'आपल्या टॉकीजचे ऑपरेटर गौसभाई सापडले. नांदेडला मुलीकडे असतात. आजपासून आपल्यात.' खाली सगळ्यांनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि उठून गॅलरीत गेलो. तसं का केलं ते पुढं येईलच. ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे, पण आधी गौसभाई सांगायला हवेत.

टाइप करणं त्यांना जमत नसे. ते आवाज रेकॉर्ड करून पाठवत. सुरुवातीला खाकरणं, मग 'हां, तर ऐका मंडळी', आणि मग प्रश्न. मागं कुकरची शिट्टी, फळवाल्याची आरोळी, नातवंडांचं भांडण. प्रश्न असे असत, की इंटरनेटवर डोकं आपटलं तरी उत्तर मिळू नये. अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी कुणीतरी खोकलंय. ते नेमकं कुठं? तमुक गाण्यात नायिकेच्या कपाळावरची टिकली मधेच गायब होते आणि शेवटच्या ओळीला परत येते. ती कुठल्या शब्दाला जाते? नट बासरी वाजवतोय, पण त्याची बोटं भोकांवर नाहीत, असं गाणं कोणतं? आम्ही कानाला फोन लावून तीच ती गाणी दहादा ऐकायचो. खोकला खरंच सापडायचा. चाळीस वर्षं ऐकत आलेल्या गाण्यात कुणी खोकलं होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

गंमत अशी, की त्यांना सिनेमांच्या गोष्टी धड माहीत नसत. मनोहर एकदा म्हणाला, ह्या सिनेमात शेवटी नायक मरतो, किती रडलो होतो आपण. गौसभाईंचा आवाज आला, "मरतो का? शेवटच्या रिळाला मी पहिलं रीळ गुंडाळून राहायचो. पुढच्या शोची तयारी. मला वाटलं जगला असंल." अहमदपूरच्या टॉकीजमध्ये वीसेक वर्षं त्यांनी सिनेमे दाखवले, तळहाताएवढ्या खिडकीतून बघत. दोन मशीनं, एकावरचं रीळ संपायच्या आत दुसरं सुरू करायचं, म्हणून त्यांचा डोळा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. तिथं रीळ संपण्याआधी एक ठिपका चमकतो. आपल्याला तो कधी दिसत नाही. त्यांना ठिपकाच दिसे, त्याच्या भोवतीचा सिनेमा जमेल तसा. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या तापलेल्या कांड्या बदलताना भाजल्याचे डाग कोपरापर्यंत होते. गाणं लक्षात ठेवायची त्यांची रीतही तीच : 'ते चौथ्या रिळातलं', 'ते इंटरवलनंतरचं पहिलं'.

खेळात चोरी होणारच. फोन हातातच असतो; शोधलं की दुसऱ्या क्षणी उत्तर. कुणीतरी सुचवलं, चोरी करणाऱ्याला आठवडाभर बाहेर काढा. त्यावर बरीच हमरीतुमरी झाली. गौसभाईंनी मधे पडून निकाल दिला. "दंड नको, काही नको. ज्यानं मोबाइलवर शोधलं त्यानं उत्तराम्होरं 'बघून' लिहावं. मार्क न्हाईत, पर शिव्या बी न्हाईत." हा नियम सगळ्यांना मानवला. लोक बिनदिक्कत 'बघून' लिहू लागले. विजयाताईंनी एकदा 'अर्धं बघून' लिहिलं तेव्हा मनोहरनं विचारलं, कुठल्या डोळ्यानं, डाव्या की उजव्या. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मी कधीच 'बघून' लिहिलं नाही. मी बघत नव्हतो म्हणून नव्हे.

भूकंप झाला त्या वर्षी मी एम.एस्सी. करून गावी रिकामा बसलो होतो. अहमदपुरात पडझड फार नव्हती, पण जमीन हलली होती आणि किल्लारीकडच्या बातम्या येत होत्या. त्यानंतर कित्येक आठवडे माणसं छपराखाली जायला तयार नव्हती. शाळा झाडाखाली भरे, वकील कोर्टाच्या आवारात खुर्च्या टाकून बसत. टॉकीज तर डोक्यावर एवढा मोठा पत्रा घेऊन उभी. तिथं कोण जाणार? मालकानं बंद ठेवायचं ठरवलं. गौसभाई त्याला म्हणाले, आठ दिवस मला द्या.

त्यांनी सगळी दारं उघडी टाकली. बाजूची सहाच्या सहा, मागची दोन. दुपारचा शो. उजेड थेट पडद्यावर, त्यामुळं चित्र धुतल्यासारखं फिकट. नायिका कुठली आणि भिंत कुठली कळू नये. पण गाणी ऐकू येत होती. पहिल्या दिवशी चौदा-पंधरा जण आलो. दारालगतच्या खुर्च्या आधी भरल्या. चपला कुणी काढल्या नाहीत. बायका पोरांना मांडीवर नाही, कडेवर घेऊन बसल्या होत्या, उठायला सोपं म्हणून. मधेच पडद्यावर ढग गडगडले आणि आम्ही सगळे एका झटक्यात बाहेर. रस्त्यावरची माणसं हसली. मग आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा, पण कुणी पळालं नाही. ढग आले, पाऊस आला, गडगडाट काही आला नाही. गौसभाईंना सिनेमा पाठ होता. गोळीबार, मेघगर्जना, नगारा, मोटारींची टक्कर, जे जे म्हणून दणदणीत होतं त्याच्या आधी ते आवाज हळूच कमी करत आणि ते गेलं की पुन्हा वाढवत. एका हातानं रीळ, दुसऱ्या हातानं आवाज. आठवड्याभरात बाल्कनी सोडून हॉल भरू लागला. मी त्यांना विचारलं होतं, हे सुचलं कसं. म्हणाले, "सुचायचं काय त्यात. माणसं घाबरून राहिलीत, आवाज आपल्या हातात हाय."

टॉकीज त्या वेळी वाचली, पण पुढं केबलनं मारली. तोवर मी लातूरला रसायनशास्त्राचा क्लास काढला होता. लातूरचे ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. गल्लोगल्ली बॅचेस, सायकलींचे ढीग, परभणी-बीड-नांदेडहून आलेली पोरं आणि त्यांच्याबरोबर खोली करून राहिलेल्या आया. गौसभाई माझ्याकडे आले. मी त्यांना छपाईचं आणि ऑफिसचं काम दिलं. प्रश्नपत्रिका काढणं, पानं लावणं, पिना मारणं, हजेरी. मला ते आधी सुधाकर म्हणत, क्लासात पहिल्या दिवसापासून सर म्हणू लागले. पोरं त्यांना चाचा म्हणायची.

बॅचला ते रीळ म्हणत. सकाळचं सहाचं पहिलं रीळ, साडेसातचं दुसरं. मी शिकवताना ते बाहेर स्टुलावर बसत आणि नुसत्या आवाजावरून आतलं ओळखत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, चाळीस मिंटांनी पोरं झोपतेत. तिथं एखादं गाणं टाका." मी रागावलो. रसायनशास्त्रात गाणं कसलं? पण दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं. चाळिसाव्या मिनिटाला मागच्या तीन रांगा गळाल्या होत्या. तेव्हापासून मी त्या वेळेला एखादा किस्सा सांगू लागलो. माझा क्लास चालला त्याचं श्रेय लोक माझ्या नोट्सना देतात. थोडंफार त्या चाळिसाव्या मिनिटालाही द्यायला हवं.

त्यांची मुलगी नसरीन माझ्याच क्लासात होती, बारावीला. हुशार आणि अबोल. बॅच सुटली की वडिलांचं काम संपेपर्यंत ऑफिसात एका कोपऱ्यात अभ्यास करत बसे, मग दोघं एका सायकलवर घरी जात. तिच्या प्रत्येक परीक्षेच्या निकालाला गौसभाई सगळ्या ऑफिसला पेढे देत. दहापैकी आठ मिळाले तरी पेढे.

आता ते सांगतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे एक मोठी परीक्षा असे. तिच्यावरून खास बॅच निवडायची. गावात त्या परीक्षेचा दबदबा होता. पालक मुलांना घेऊन आदल्या दिवशी देवाला जाऊन येत. प्रश्नपत्रिका सहा पानांची. त्या संध्याकाळी पाच पानं निघाली आणि आमचं मशीन अडकलं. सहावं पान घेऊन मी स्वतः स्कूटरवर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, प्रती काढल्या, आणून गौसभाईंच्या हातात दिल्या. त्यांनी रात्रीच्या आत सगळे गठ्ठे लावून कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली आणि दुपारी एका पालकानं माझ्या टेबलावर वहीचा एक कागद आपटला. पेनानं उतरवलेले प्रश्न, आमचेच. असे कागद आदल्या संध्याकाळपासून दोन-तीन वसतिगृहांत फिरत होते. तासाभरात पन्नासेक पालक जमले. कुणी फी परत मागत होतं, कुणी वर्तमानपत्रात देतो म्हणत होतं. विचारलं गेलं, पेपर कुणाच्या हातात होते?

मी गौसभाईंकडे बोट केलं. खरोखरच बोट केलं, हात वर करून. म्हणालो, कागद यांच्याच ताब्यात होते.

ते पिना मारायच्या टेबलाशी उभे होते. शांतपणे म्हणाले, "सर, एकच पान फुटलंय. सहावं. चोरायचं असतं तर मी गठ्ठाच नेला असता." खरं तर तिथंच मी थांबायला हवं होतं. सहावं पान. ते माझ्या मनात कुठंतरी वाजलंही. पण समोर पन्नास माणसं होती आणि त्यांना एक माणूस हवा होता. मी त्यांना त्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नसरीन दारात उभी होती. तिनं दप्तर उचललं आणि वडिलांच्या मागोमाग गेली. त्या परीक्षेत ती दुसरी आली. तो निकाल घ्यायला कुणी आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी झेरॉक्सवाला क्लासात आला. हातात माझ्या अक्षरातलं सहावं पान. म्हणाला, "सर, हे त्या दिवशी मशीनच्या काचेवरच राहिलं होतं. तुम्ही प्रती घेतल्या, मूळ कागद विसरलात. तुमच्या मागं उभ्या पोरांनी बराच वेळ हातात घेतलं होतं, नंतर मला दिलं." मी ते घेतलं, त्याला चहा पाजला, पान घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

मी कुणाला काही बोललो नाही. खास बॅचचे प्रवेश चालू होते. पालक शांत झाले होते. उद्या सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, निकाल लागला की घरी जाऊन पाय धरू, असं म्हणत गेलो. निकाल चांगला लागला. क्लास वाढला, दुसरी इमारत झाली. गौसभाईंना लातूरच्या कुठल्याच क्लासनं ठेवलं नाही, हे मला कळत होतं. ते नांदेडला गेले आणि लग्नकार्यात स्पीकर लावणाऱ्याकडे काम करू लागले, हेही कळलं. मी एकदाही गेलो नाही. पंधरा-सोळा वर्षं मी ते पान जपून ठेवलं. फाडायचीही हिंमत झाली नाही.

म्हणून त्यांचं नाव ग्रुपवर आलं तेव्हा मी फोन पालथा ठेवला. वाटलं, आता ते बोलतील. ते काहीच बोलले नाहीत. माझ्या प्रश्नांना इतरांसारखीच उत्तरं देत, चुकलो तर इतरांइतकंच चिडवत. पहिल्यांदा फक्त एवढं म्हणाले, "सर हायेत का ग्रुपवर? मग तर लई अवघड पेपर असणार." ह्या वाक्यात मी महिनाभर अर्थ शोधत होतो.

आणि तरीही, अशा माणसासमोरही मी खेळात चोरी करत होतो. आता सांगताना मलाच नवल वाटतं. पहिलं येणं हा माझा धंदाच होता. सवय सुटत नव्हती. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, एका गाण्याच्या सुरुवातीला फकिराच्या तोंडी दोन ओळी आहेत, त्या कुणी गायल्यात? मी शोधलं, नाव मिळालं, मिनिटाच्या आत टाकलं. 'बघून' लिहिलं नाही. विजयाताईंचं कमळ आलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. त्यांनी मला एकट्याला केलेला तो पहिला फोन.

"सर, ते तुम्ही बघून सांगितलं."

मी म्हणालो, नाही, मला आठवत होतं.

"आठवणार न्हाई. ते नाव चूक हाय. एका ठिकाणी कुणीतरी चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी त्याचंच उतरवलं. खरं नाव टायटलमधी हाय, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पाच आठवडे रोजचे चार शो ते नाव बघितलंय मी." मग म्हणाले, "ग्रुपवर बोललो न्हाई. चार माणसांत तुमची इज्जत हाय. तुम्हीच काय ते दुरुस्त करा."

मी हो म्हणालो. त्यांना कल्पना नसेल, पण त्या दोन वाक्यांनी मला जे झालं ते पन्नास पालकांच्या आरडाओरड्यानं झालं नव्हतं. एका खोट्या उत्तरासाठी त्यांनी माझी अब्रू चार माणसांपासून झाकली. मी त्यांची चार माणसांतच काढली होती. मी ग्रुपवर उत्तरापुढं 'बघून' लिहिलं. खाली हसण्याची चित्रं आली. तोवर गाड्या सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घडी केलेलं पान खिशात घालून मी नांदेडच्या एस.टी.त बसलो.

घर दोन खोल्यांचं. नसरीन आणि तिचा नवरा कामाला गेलेले, मुलं शिकवणीला. गौसभाई वाळले होते, दाढी पांढरी झाली होती, पण आवाज तोच. सर आले, सर आले म्हणत त्यांनी खुर्ची पुसली, चहा स्वतः केला. मी कप खाली ठेवला आणि पान त्यांच्यासमोर उघडलं. सगळं सांगितलं. मशीन अडकलं, मी गेलो, काचेवर विसरलो, पोरांनी उतरवलं, आठ-दहा दिवसांनी मला कळलं, मी लपवलं. सांगताना वर पाहत नव्हतो. शिव्या खायची तयारी करून आलो होतो. खरं सांगायचं तर शिव्या मिळाव्यात अशीच इच्छा होती.

त्यांनी चष्मा लावून पान उलटसुलट पाहिलं.

"हे सहावंच ना?"

हो म्हणालो.

"काचेवर ऱ्हायलं होतं. तुमच्या हातून."

"हो."

"संध्याकाळी? म्हणजे माझ्याकडं गठ्ठा यायच्या आधीच?"

"हो, गौसभाई. आधीच."

त्यांनी पान मांडीवर ठेवलं आणि माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे नसरीननं न्हाई नेलं."

मला कळेना. मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. त्या संध्याकाळी सहाव्या पानाच्या प्रती टेबलावर ठेवून ते मगरीबच्या नमाजाला गेले होते, दहा मिनिटं. ऑफिसात नसरीन एकटी होती. परत येऊन त्यांनी प्रती मोजल्या, एकही कमी नव्हती. पण कागद सापडला तो हातानं उतरवलेला. "एक पान उतरवायला दहा मिंटं बास होतात, सर. पोरीचं अक्षर लई पळतं." पालकांसमोर त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, एकच पान फुटलंय, आणि ते म्हणता म्हणताच त्यांच्या मनात आलं होतं, की एकच पान कुणी नेलं असेल. त्यात ती दुसरी आल्याचं नंतर कानावर आलं. त्यांनी तिला कधी विचारलं नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर काय करायचं, म्हणून. पण त्यानंतर पेढे बंद झाले. बारावीला ती कॉलेजात पहिली आली तेव्हाही नाही, फार्मसीची पदवी मिळाली तेव्हाही नाही, सरकारी दवाखान्यात नोकरी लागली तेव्हाही नाही. "लोक मुबारक म्हणायचे, मी हाव म्हणायचो. आतून वाटायचं, हे तरी स्वतःचं हाय का हिचं."

मी सोळा वर्षं समजत होतो, की मी एका माणसाची नोकरी घेतली. काय घेतलं होतं ते मला त्या दुपारी कळलं. आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते, पण छातीवरचं ओझं उतरत होतं. कारण माझ्यासमोर त्यांचं उतरत होतं, डोळ्यांदेखत. खांदे सैल झाले होते. ते रडत नव्हते. गालात हसत होते, हिशेब चुकला म्हणून घाबरलेल्या माणसाला तो बरोबर निघाल्यावर हसू येतं तसं.

नंतरचं इथंच सांगून टाकतो, कारण मला शेवटी त्याच दुपारी थांबायचं आहे. त्या रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं, नावानिशी. लातूरच्या जुन्या सहकाऱ्यांना, ज्यांनी माझ्या शब्दावरून त्यांना काम नाकारलं होतं, त्यांना एकेकाला फोन केले. मनोहर दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्याचा हक्क होता. गौसभाईंनी माफ केलं असं कधी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी प्रश्न आला आणि मी चुकल्यावर ते म्हणाले, "सर, मागच्या रांगेत बसा." त्याआधी, भेटीनंतर दोनच दिवसांनी, नसरीनचा फोन आला होता. मला वाटलं, आता हिच्याकडून ऐकायचं आहे. तिनं फक्त सांगितलं, की त्या दुपारी अब्बा दवाखान्यात आले, औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले, पुढं बोलावलं तरी आले नाहीत, पेशंट आधी म्हणाले. नंबर आल्यावर खिडकीतून तिच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. तिनं विचारलं, कसले? म्हणाले, बारावीचे. मग म्हणाली, "सर, मला तेव्हाच कळलं होतं त्यांना काय वाटतंय ते. मी नेलं नव्हतं हे मी तरी कसं सांगणार होते? त्यांनी विचारलंच नाही."

गौसभाई त्यानंतर दीड वर्ष होते. दर शुक्रवारी ग्रुपवर आवाज यायचा, खाकरणं, हां तर ऐका मंडळी. प्रत्यक्ष भेट मात्र पुन्हा झाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे शेवटचं रूप आहे ते त्या दुपारचंच.

पान मांडीवरून खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही. उठले, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढला, घालताना एक बटण वरखाली लागलं. आरशात पाहिलंच नाही. मी विचारलं, कुठं निघालात? ऐकू आलं नसावं. चपला शोधल्या, त्यातली एक नातवाची निघाली, ती टाकून पुन्हा शोधली. दारात गेले, रस्त्यावर हात करून रिक्षा थांबवली. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं असावं, की घरात पाहुणा बसलाय. रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "सुधाकर, चहा पिऊन घे. आन् जाताना कडी लाव."

रिक्षावाल्याचं भाड्यावरून काही म्हणणं होतं. गौसभाईंनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि चल म्हणाले. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत जाऊन गार झालेला चहा प्यालो, दोन्ही कप विसळून ठेवले आणि कडी लावून बाहेर पडलो.